मण्यांच्या पुस्तकावरून दागिने करताय? या चुका टाळा

मे महिन्यातल्या दुपारी शेजारच्या काकू डबा घेऊन आल्या आणि काही न बोलता त्यांनी तो माझ्यापुढे उपडा केला. आतून मण्यांची हातपट्टी निघाली, विळ्यासारखी एका बाजूला वाकलेली. "पुस्तकात बघूनच केलंय गं, जसंच्या तसं. मग हे असं का व्हायलंय?"

पुस्तकही त्यांनी सोबत आणलं होतं. पहिली 20 पानं कोरी करकरीत, आणि 34व्या पानावर चहाचा डाग. मला निम्मं उत्तर तिथंच मिळालं.

दागिन्यांची पुस्तकं आपण पाककृतीच्या पुस्तकासारखी वापरतो. फोटो आवडला की पान उघडायचं आणि सुई ओवायची. सुरुवातीच्या पानांत सामान, नंबर, खुणा असं सगळं कोरडं लिहिलेलं असतं, ते कोण वाचतंय? पण पुढची सगळी पानं त्याच भाषेत बोलतात. ज्यांचं काम बिघडून माझ्याकडे येतं, त्यातल्या बहुतेकांचं घोडं तिथंच पेंड खातं.

नंबर उलटे चालतात

बारीक काचमण्यांच्या नंबरात आकडा वाढला की मणी लहान होतो. 6/0 म्हणजे साधारण 4 मिलिमीटर, 8/0 म्हणजे 3, 11/0 म्हणजे 2 आणि 15/0 म्हणजे दीड. सुईचंही तसंच, 10 नंबरपेक्षा 12 नंबरची बारीक. आमच्या लातुरात गंजगोलाईत मणी मागायला गेलात तर नंबर कुणी विचारत नाही; बारीक, मध्यम, मोठा, एवढ्यावर भागतं. म्हणून मोजपट्टी जवळ ठेवा. मणी दोऱ्यात ओवून एका इंचात किती बसतात ते मोजा. 11/0 असेल तर 18च्या आसपास बसतील. फारच कमी बसले तर तो मणी पुस्तकातला नाही, दुकानदार काहीही म्हणो.

आकाराचीही एक गोम आहे. मियुकी किंवा तोहो या जपानी कंपन्यांच्या नळकांडी मण्यांची कड सरळ असते, ते विटांसारखे एकमेकांत बसतात. चेक देशातून येणारे मणी गोलसर आणि थोडे कमी-जास्त असतात. पुस्तकातली नक्षी नळकांडी मण्यांची असेल आणि तुम्ही गोल मणी घेतले, तर मोराची मान बेढब होणार. त्यात तुमच्या हाताचा दोष नाही.

काकूंची पट्टी मी उजेडात धरली. एका कडेला सोनेरी मण्यांची ओळ होती, ती वेगळ्या पुडीतली. बोटाला जेमतेम कळेल एवढाच तो मणी जाड होता. पण एकाच कडेला असे साठ मणी लागले की ती कड लांब होते आणि पट्टी दुसरीकडे झुकते. आता ओढून, दाबून, उशाखाली ठेवून काही होत नाही. उसवायचंच. दोन पुड्या वापरायच्या असतील तर आधी ताटलीत ओतून जाड, बारके, तिरके मणी वेचून काढा, तांदूळ निवडतो तसे.

20 नंबरची तार

ही चूक माझी स्वतःची. कानातल्याच्या हूकसाठी पुस्तकात 20 गेजची, म्हणजे 20 नंबर जाडीची, तांब्याची तार लिहिली होती. गावात तांब्याची तार हमखास मिळते ती मोटार वाइंडिंगच्या दुकानात. गेले.

"20 नंबर द्या थोडी."

"कितीची मोटार हाय?"

"मोटार नाही, कानातलं करायचंय."

दुकानदार हसला, पण तार दिली. घरी आले तर ती मोत्याच्या भोकात जाईना. पुस्तक खोटं नव्हतं आणि दुकानदारही. अमेरिकी पुस्तकातला गेज वेगळा, आणि आपल्याकडे दुकानात चालतो तो ब्रिटिश गेज वेगळा. अमेरिकी 20 म्हणजे 0.81 मिलिमीटर, ब्रिटिश 20 म्हणजे 0.91. एवढ्याशा फरकानं मोती अडतो आणि कानाची पाळीही दुखते. नेहमी लागणाऱ्या जाडीत एक नंबर पुढचा मागितला की जवळपास जमतं: पुस्तकात 18 असेल तर 19, 20 असेल तर 21, 24 असेल तर 25. त्याहून बरं म्हणजे मिलिमीटरमध्येच मागा. वाइंडिंगवाल्याकडे तार मोजायचं स्क्रू गेज असतं, तो लगेच मोजून देतो. मात्र ती तार वार्निश लावलेली असते. सरावाला उत्तम, कानात घालायला नको.

जोडकडी, म्हणजे दागिन्याचे भाग जोडणारी तारेची छोटी कडी, उघडताना दोन्ही टोकं बाजूला फाकवू नका, गोलाई बिघडते आणि कडी पुन्हा नीट मिटत नाही. एक टोक पुढे, एक मागे, अशी पिळून उघडा आणि तशीच मिटवा. पुस्तकात हे बाणानं दाखवलेलं असतं. बाण बघायचा असतो.

आकृतीतल्या ओळी

पेयोट टाक्याला, म्हणजे एकाआड एक मणी घेत विणायच्या टाक्याला, सगळ्यात जास्त जण अडकतात, तेही तिसऱ्या ओळीला. कारण सुरुवातीला ओवलेले मणी एक ओळ दिसतात, पण त्या खरं तर दोन ओळी असतात. पुढची फेरी घातली की त्यातला एकाआड एक मणी वर सरकतो आणि विटांच्या भिंतीसारखी रचना होते. हे माहीत नसलं की माणूस ओळी चुकीच्या मोजतो आणि नक्षी एका ओळीनं सरकते. पहिल्या तीन ओळी दोन रंगांत करून बघा, दिसेल. सुरुवातीला सम संख्येचे मणी घ्या. विषम संख्येला कडेवर वळताना दोरा आडवळणानं न्यावा लागतो, आणि तिथंच लोक पुस्तक मिटवतात.

डावखुऱ्यांनी आकृतीचा फोटो काढून मोबाइलमध्ये आडवा उलटा करून घ्यावा. माझ्या नणंदेचे सहा महिने एवढ्याचसाठी वाया गेले.

गोल चकती करताना ती वाटीसारखी वर उचलली तर फेरीत मणी कमी पडतायत. झालरीसारखी लाटा मारायला लागली तर जास्त झालेत. क्रोशाचं काम केलेल्या बायकांना हे सांगावं लागत नाही.

एखादा मणी जास्त पडला आणि चार ओळींनंतर दिसला, तर पकडीनं बाहेरून चिरडू नका, काच दोऱ्याला कापते. त्याच्या भोकात जाडसर सुई घालून आतून दाबा म्हणजे तुकडे बाहेर उडतील. डोळ्यांवर चष्मा हवा. लांब नळीमण्यांची कडही धारदार असते, म्हणून दोन्ही टोकांना एकेक गोल मणी द्यावा.

माप

मनगट 6 इंच म्हणून 6 इंच ओवलं आणि हातात चढेना, असं होतं. मण्याची जाडी आतली जागा खाते, मण्याच्या व्यासाच्या साधारण तिप्पट. 10 मिलिमीटरचे मणी असतील तर 3 सेंटिमीटरहून थोडं जास्त धरायचं. बारीक मण्यांना हे जाणवत नाही, म्हणून आपण गाफील राहतो. पुस्तकात माळ 16 इंच म्हटली तर त्यात फासा, म्हणजे माळ अडकवायची कडी, धरलाय का, तेही बघावं.

दगडी मण्यांचं गाऱ्हाणं वेगळं. दगडाला बरेचदा दोन्ही बाजूंनी भोक पाडतात आणि मधे ते नीट जुळत नाही, तिथं सुई अडकते. जोर लावलात तर सुई तुटेल. मणी ओला करून बारीक हिऱ्याच्या कानशीनं भोक मोकळं करा. तेरच्या लामतुरे संग्रहालयात जुने मणी ठेवलेत. गेलात तर नुसता रंग बघून पुढे सरकू नका, भोकं बघा.

पुस्तकं बहुतेक थंड मुलकातली असतात. आपल्याकडच्या उन्हात लवचीक दोरा लवकर वाळतो, म्हणून अशी हातपट्टी गाडीत किंवा खिडकीत ठेवू नये. रंगवलेल्या मण्यांची परीक्षा आधी करा: नेलपॉलिश रिमूव्हर लावलेला कापूस चोळा, कापूस रंगला तर तो मणी घामाच्या दिवसात अंगावर नको.

आणि पुस्तक घेताना फोटो बघून भुलू नका. दोऱ्याची वाट दाखवणारी आकृती आहे का, मण्यांची संख्या दिलीय का, तयार माप लिहिलंय का, एवढं चाळून बघा. चकचकीत फोटो आणि खाली चार ओळी मजकूर असलेलं पुस्तक दिवाणखान्यात छान दिसतं.

काकूंची पट्टी उसवायला दोन संध्याकाळी लागल्या. जाड सोनेरी मणी त्यांनी डबीत वेगळे ठेवलेत, भाद्रपदात महालक्ष्म्यांना त्याच्या माळा करायच्या म्हणतात. महालक्ष्म्यांच्या गळ्याचं माप कुठल्या पुस्तकात नाही, म्हणून माळ्यावरून मुखवटे काढायला मला बोलावलंय.