कृष्णधवल चित्रपट रंगवण्याआधी: सफाई, क्रम आणि करड्या छटांची राखण

जुना कृष्णधवल चित्रपट रंगीत करायला घेतला की बहुतेकांचा हात आधी रंगाकडे जातो. खरी मेहनत त्याआधीची असते. न पुसलेल्या ओरखड्यावर रंग चढला की तो आणखी उठून दिसतो, आणि चित्र लुकलुकत असेल तर रंगही लुकलुकतो.

सुरुवात रिळाच्या डब्यापासून करा. 1951 पूर्वीची 35 मिमी फिल्म नायट्रेटची, म्हणजे सहज पेटणाऱ्या प्लास्टिकची, असू शकते. ती जळताना स्वतःच प्राणवायू पुरवते, म्हणून पाण्याने विझत नाही. असे रीळ घरी उलगडू नका, ते चित्रपट संग्रहालयाच्या प्रयोगशाळेकडेच द्या. डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला तर फिल्मचे अ‍ॅसिटेट हे प्लास्टिक कुजू लागले आहे. आम्लता दाखवणारी निळी पट्टी बंद डब्यात दिवसभर ठेवा. ती हिरवी झाली तर कुज सुरू झाली आहे, पिवळी झाली तर आधी स्कॅन, बाकी सगळे नंतर. फिल्म एक टक्क्याहून जास्त आकसली असेल तर दातेरी चाकांवर तिची छिद्रे फाटतात. तिच्यासाठी दाते नसलेल्या रुळांवर फिल्म सरकवणारा स्कॅनर हवा.

मूळ कॅमेरा नेगेटिव्ह मिळाले तर उत्तमच. प्रिंटवरून काम करायचे असेल तर ठिपक्यांचा रंग पाहा. काळे ठिपके बहुधा त्याच प्रिंटवरच्या धुळीचे असतात आणि धुतल्यावर जातात. पांढरे ठिपके बहुतेक वेळा नेगेटिव्हवरच्या धुळीचे, छपाईतच उतरलेले. ते कितीही धुतले तरी निघत नाहीत, संगणकावरच पुसावे लागतात.

स्कॅन 35 मिमीसाठी 4के (सुमारे चार हजार बिंदू रुंद), 10 बिट लॉगमध्ये (उजळ आणि गडद दोन्हीकडचे बारकावे राखणाऱ्या नोंदीत) घ्या. पूर्ण फ्रेमची एक डीपीएक्स (दर फ्रेमला एक अशी चित्रफाइल) फाइल सुमारे 51 मेगाबाइटची होते. नव्वद मिनिटांत सेकंदाला 24 फ्रेमच्या गतीने 1,29,600 फ्रेम येतात, म्हणजे साडेसहा टेराबाइटहून जास्त. प्रत ठेवायला तेवढीच जागा वेगळी लागते. बेसच्या (फिल्मच्या पारदर्शक प्लास्टिक पट्टीच्या) बाजूचे ओरखडे वेट गेटमध्ये, म्हणजे फिल्म द्रवात बुडवून स्कॅन करताना, जवळजवळ नाहीसे होतात, कारण तिथला द्रव बेससारखाच प्रकाश वळवतो आणि खाच भरून काढतो. इमल्शनच, म्हणजे चांदीने चित्र घडवणारा थरच, खरवडले गेले असेल तर तिथली चांदीच गेलेली असते, तिथे द्रवाचा उपयोग नाही. रंगीत फिल्मवर चालणारी इन्फ्रारेड धूळसफाई इथे बंद ठेवा. चांदी इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे यंत्र चित्रालाच धूळ समजते.

पुढे क्रम पाळा: शॉट तोडणे, थरथर थांबवणे, लुकलुक घालवणे, मग धूळ, शेवटी उभे ओरखडे. धूळ शोधणारे सॉफ्टवेअर शेजारच्या फ्रेमशी तुलना करते. फ्रेम हलत असतील किंवा कमीजास्त उजळ असतील तर ते चुकीच्या जागा पुसते. लुकलुकीची दुरुस्ती एका शॉटच्या आतच करा, आणि विजेचा कडकडाट किंवा मेणबत्तीची ज्योत असलेले शॉट हाताने तपासा.

स्वयंचलित सफाई पावसाचे थेंब, ठिणग्या, उडालेला चेंडू, वेगाने हलणारी बोटे हेही खाते. म्हणून साफ केलेल्या फ्रेममधून मूळ फ्रेम वजा करून करड्या पडद्यावर पाहा. नुसते ठिपके दिसले तर ठीक. हाताचा किंवा पापणीचा आकार दिसला तर त्या शॉटची सफाई पुन्हा करा. यात अजिबात घाई नको.

ग्रेन, म्हणजे फिल्मचा मूळचा बारीक दाणेदारपणा, पुसून टाकू नका. चेहरे मेणाचे दिसू लागतात आणि कपड्याचा पोत जातो. मात्र रंग ठरवणाऱ्या एआय मॉडेलला ग्रेनचा त्रास होतो. त्यावर उपाय असा: ग्रेन कमी केलेली तात्पुरती प्रत फक्त मॉडेलला द्या, तिच्यातून मिळालेला रंग तेवढा घ्या आणि ग्रेनसह असलेल्या मूळ प्रतीवर बसवा. लॅब रंगप्रणालीत एल म्हणजे उजेड आणि ए-बी म्हणजे रंग. एल नेहमी दुरुस्त केलेल्या कृष्णधवल प्रतीचाच राहिला पाहिजे. काम झाल्यावर रंगीत प्रतीतून एल पुन्हा काढून मूळच्याशी ताडून पाहा. फरक बहुधा अगदी उजळ जागी सापडतो, जिथे रंग इतका गडद दिलेला असतो की तो पडद्याच्या मर्यादेत मावत नाही.

करड्या छटेवरून मूळ रंग ओळखता येतो असे समजू नका. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसतच नसे. तिच्यावर ओठ काळपट, निळे आकाश पांढरे आणि निळे डोळे फिके येत. सगळे रंग टिपणाऱ्या पँक्रोमॅटिक फिल्मचा वापर 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात वाढला, म्हणून फिल्म कोणती ते आधी ठरवा. रंगाचा आधार जपलेल्या पोशाखांत आणि सेटच्या नोंदींत शोधा, पोस्टरमध्ये नको, कारण तिथे चित्रकाराची कल्पना असते. मूकपटाच्या प्रिंटवर निळी किंवा पिवळसर छटा असेल तर ती त्या काळी मुद्दाम दिलेली असू शकते. तिच्यावर दुसरा रंग चढवू नका, ती नोंदवून ठेवा.

डीओल्डिफायसारखी मॉडेल 2018 पासून सहज मिळतात. अशा मॉडेलला खात्री नसली की ते सरासरीकडे झुकते, म्हणून सगळे तपकिरी दिसते. प्रत्येक फ्रेम वेगळी रंगवली तर शर्टही मध्येच रंग बदलतो. प्रत्येक शॉटमधून एक आधारफ्रेम निवडा: पहिलीच नव्हे, तर ज्यात सगळी माणसे आणि वस्तू दिसतात ती. ती हाताने रंगवा आणि रंग दोन्ही दिशांना पसरवा. कॅमेरा फिरत असेल तर दोन-तीन आधारफ्रेम लागतात.

कातडीला एकच नारिंगी रंग देऊ नका. कान, गाल, नाकाचा शेंडा लालसर, कपाळ थोडे पिवळट, दाढी केलेली हनुवटी किंचित निळसर. गडद सावलीत आणि लख्ख उजेडात रंग उतरवत न्या. दात आणि डोळ्यांचे बुबुळाबाहेरचे भाग मास्कने (निवडलेला भाग झाकणाऱ्या थराने) वेगळे करा, नाहीतर तेही कातडीच्या रंगाचे होतात. केसांच्या कडेला रंग सांडतो तिथेही मास्क हातानेच लावावा लागतो.

मूळ स्कॅन, दुरुस्त कृष्णधवल प्रत आणि रंगाचा थर या तीन गोष्टी वेगवेगळ्या फाइलींत ठेवा, चेकसमसह (फाइल बिघडली नाही ना हे तपासणाऱ्या आकड्यासह). नवा पुरावा सापडला तर फक्त रंगाचा थर बदलता येतो. आणि रंगीत आवृत्तीच्या सुरुवातीला, रंग नंतर दिलेले आहेत आणि कोणत्या वर्षी, अशी पाटी जरूर टाका.