रबराच्या पिळावर उडणारे, पंख फडफडवणारे यान

आल्फोन्स पेनो या फ्रेंच संशोधकाने १८७४ मध्ये पिळलेल्या रबराच्या जोरावर पंख फडफडवणारे छोटे यान उडवले होते. घरी पहिला प्रयोग करताना आजही तोच मार्ग धरावा, कारण मोटार आणि बॅटरीचे वजन पेलण्याइतके चांगले पंख पहिल्या खेपेला क्वचितच जमतात.

पंखाची पुढची कड ताठ आणि मागची सैल असली पाहिजे. पंख खाली येताना सैल कड मागे रेंगाळून वर उचलली जाते, वर जाताना ती खाली झुकते, आणि दोन्ही वेळा हवा मागे ढकलली जाऊन यान पुढे सरकते. नवखे लोक पडदा पतंगासारखा ताणून बसवतात. मग पंख जोरात हलतात, पण यान जागचे हलत नाही.

कण्यासाठी २५ सेंटिमीटरची सरळ, हलकी कामटी घ्यावी. पंखांचे दांडे प्रत्येकी २० सेंटिमीटरचे असावेत आणि ते टोकाकडे तासून बारीक करावेत. कण्याच्या पुढच्या टोकाला ते बिजागरीसारखे फिरतील असे बसवून त्यांवर सुमारे १० सेंटिमीटर रुंदीचा पातळ प्लास्टिकचा पडदा किंचित झोळ ठेवून चिकटवावा. दांड्यांच्या खाली पोलादी तारेचा, ८ मिलिमीटर वाकाचा भुजादंड येतो, म्हणजे रबराचा पीळ सुटताना गोल फिरून पंख वरखाली हलवणारी वाकवलेली तार. त्यापासून निघणाऱ्या दोन जोडकाड्या बिजागरीपासून २ सेंटिमीटरवर पंखांना जोडाव्यात. दोन्ही काड्या एकाच वाकावर अडकवल्यास एक पंख दुसऱ्याच्या थोडा पुढे धावतो, म्हणून तारेला एकमेकांशी कोन करणारे दोन वाक द्यावेत. हे काम चिकाटीचे आहे, आणि माझ्या मते यानाचे यश बहुतांशी इथेच ठरते. रबराच्या ओढीने तार घासू नये यासाठी मध्ये काचेचा मणी घालावा.

शेपटी मागच्या बाजूने थोडी वर उचललेली असावी, कारण उचल मिळण्यासाठी यानाचे नाक वर राहावे लागते.

रबराला एरंडेल चोळून, ते ताणून धरून, आधी पन्नासेक पीळच द्यावेत. वारा नसलेल्या सभागृहात, पंखा बंद करून, आधी पंख मोकळे सोडावेत आणि लगेच यान हलकेच समोर ढकलावे. नाक खाली गेल्यास शेपटी आणखी उचलावी. यान वर चढून अडखळल्यास ती उतरवावी किंवा नाकाला चिमूटभर माती लावावी. सरळ उड्डाण साधल्यावरच पीळ वाढवावेत.