सौरपॅनेल, बॅटरी आणि चार्जर एकत्र चालू करण्यापूर्वी

व्यावसायिक इमारतीच्या गच्चीवर सौरपॅनेल बसली, विद्युत कक्षात बॅटरी आली आणि वाहनतळावर चार्जर उभे राहिले, की तिन्ही एका नियंत्रकाच्या ताब्यात देऊन मोकळे होण्याची घाई सुरू होते. ही यादी त्या घाईच्या आधी वाचायची आहे. परवानग्या, अर्थिंग, केबलची जाडी आणि ब्रेकरची क्षमता यांविषयी येथे काही लिहिलेले नाही. ज्याला त्या सांगाव्या लागतात त्याने या कामात हात घालू नये. भर आहे तो एकाच गोष्टीवर, कारण मागच्या कामात नेमकी तीच राहून गेली होती: मुख्य पुरवठ्यावर बसवायचे सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, तारेभोवती बसून तिच्यातला करंट मोजणारी कडी.

सुरुवात कागदापासून करावी. इमारतीच्या वीजवापराच्या किमान एका वर्षाच्या नोंदी मिळवाव्यात आणि त्या मासिक नव्हे, तर मीटर ज्या कालावधीची सरासरी काढून कमाल मागणी (महिन्यातला सर्वाधिक भार) ठरवतो त्या कालावधीच्या, म्हणजे बहुतेक ठिकाणी १५ किंवा ३० मिनिटांच्या असाव्यात. लिफ्टची क्षणिक उसळी या सरासरीत विरून जाते. सकाळी कर्मचाऱ्यांच्या गाड्या एकदम जोडल्या गेल्या आणि अर्धा तास तशाच ओढत राहिल्या, तर मात्र महिन्याचा कमाल आकडा त्या अर्ध्या तासातच ठरून जातो. जिथे मागणी केव्हीएमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारी पॉवर (किलोवॉट) आणि काम न करणारी रिअॅक्टिव्ह पॉवर (केव्हीएआर) एकत्र धरून, मोजली जाते तिथे आणखी एक हिशेब आधीच करून ठेवावा. इमारत ४०० किलोवॉट आणि १५० केव्हीएआर घेत असेल, तर पॉवर फॅक्टर, म्हणजे किलोवॉट आणि केव्हीए यांचे गुणोत्तर, ०.९४ च्या आसपास असतो. सौरऊर्जेने त्यातले ३०० किलोवॉट भागवले, की पुरवठ्याकडून १०० किलोवॉट आणि तेच १५० केव्हीएआर घेतले जातात आणि मीटरवरचा पॉवर फॅक्टर ०.५५ वर घसरतो. इमारतीत काहीही बिघडलेले नसते, तरीही पॉवर फॅक्टर सुधारण्यासाठी बसवलेल्या कपॅसिटर पॅनेलला दोष दिला जातो. इन्व्हर्टरकडून रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर घ्यायची की नाही, हे त्यामुळे आधीच ठरवावे.

आता सीटी. संपूर्ण व्यवस्थेतील प्रत्येक निर्णय, म्हणजे बॅटरी भरायची की रिकामी करायची, चार्जरला किती करंट द्यायचा, सौरउत्पादन रोखायचे की सोडायचे, हा प्रत्येक फेजवर एकेक अशा या तीन कड्यांतून येणाऱ्या आकड्यावर ठरतो. म्हणून त्यांची जागा, दिशा, फेज आणि गुणोत्तर या चारही गोष्टी स्वतः उभे राहून तपासाव्यात. ‘बसवले आहेत’ हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकून पुढे जाऊ नये.

जागा अशी हवी, की इमारतीत येणारा प्रत्येक अँपिअर सीटीमधूनच जाईल. वाहनतळाचे विद्युत पॅनेल पुष्कळदा नंतर जोडले जाते आणि सोय म्हणून मुख्य ब्रेकरच्या आधीच त्याला वेगळा फीडर (पुरवठ्याची तार) काढला जातो. सीटी जुन्याच जागी राहतात, नियंत्रकाला चार्जर दिसतच नाहीत आणि मागणीची मर्यादा ओलांडली तरी पडद्यावर सारे निवांत असते. एकरेषीय आराखडा (विद्युत जोडणीचा नकाशा) हातात घेऊन पॅनेलमधल्या प्रत्यक्ष बसबारशी, म्हणजे वीज वाटणाऱ्या धातूच्या पट्ट्यांशी, ताडून पाहावा, कारण आराखडा आणि पॅनेल यांचे जमतेच असे नाही.

दिशेची चूक अधिक फसवी असते, कारण ती आकड्यात लपते. समजा, तीन फेजवर ६०, ५५ आणि ५८ किलोवॉट भार आहे. मधला सीटी उलटा बसला, तर १७३ ऐवजी बेरीज ६३ येते. हा आकडा धन असतो, विश्वास बसण्याजोगा असतो आणि ‘आज ऊन चांगले आहे’ म्हणून तो कोणी तपासतही नाही. नियंत्रक मात्र ११० किलोवॉट मोकळे आहेत असे समजून चार्जर सोडतो. त्याच फेजवर भार वाढला की नोंद आणखी खाली येते आणि तो आणखी सोडतो. म्हणजे मर्यादा पाळण्यासाठी बसवलेली यंत्रणाच ती मोडायला मदत करते. दिशा बरोबर, पण दोन सीटींची अदलाबदल झालेली असेल, तर त्या दोन फेजचा व्होल्टेज आणि करंट यांत १२० अंशांचा फरक पडतो आणि प्रत्येकी जवळजवळ उणे निम्मा आकडा मिळतो. वरच्याच उदाहरणात उणे ३०, उणे २७.५ आणि अधिक ५८ मिळून सुमारे शून्य येते. इमारत पुरवठ्याकडून काहीच घेत नाही, असे दाखवणाऱ्या पडद्याकडे पाहून टाळ्या वाजवणारे लोक असतात.

चाचणी सोपी आहे आणि ती रात्रीच करावी. दिवसा सौरउत्पादनामुळे उणे आकडा खरा असू शकतो, म्हणून दिवसाच्या चाचणीला अर्थ नाही. अंधार पडल्यावर बॅटरी बंद ठेवून तिन्ही फेजचे आकडे वेगवेगळे पाहावेत. तिन्ही धन असले पाहिजेत आणि प्रत्येकाचा पॉवर फॅक्टर पटण्याजोगा असला पाहिजे. मग एका फेजवर माहीत असलेल्या वॉटचा हीटर लावावा आणि त्याच फेजचा आकडा तेवढ्याच वॉटनी वाढतो का, हे बघावे. हीच चाचणी तिन्ही फेजवर करावी, एकावर करून थांबू नये. गुणोत्तर ४००/५ (मुख्य तारेत ४०० अँपिअर असताना सीटीतून ५) असताना मीटरमध्ये २००/५ भरले गेले असेल, तर आकडा निम्मा दिसतो आणि तोही याच चाचणीत पकडला जातो. केवळ बेरीज पाहून सही करू नये. एक सक्त इशारा: पाच अँपिअरच्या सीटीची दुय्यम (मीटरकडे जाणारी) बाजू मुख्य तारेत करंट असताना कधीही उघडी करू नये, तिथे जीवघेणा व्होल्टेज तयार होतो. आधी शॉर्टिंग लिंक (त्या बाजूची दोन्ही टोके जोडणारी पट्टी) लावावी, मगच तार सोडवावी.

चार्जरच्या बाबतीत २२ किलोवॉटचे दहा म्हणजे २२०, हा गुणाकार सगळेच करतात. खालची बाजू मात्र विसरली जाते. आयईसी ६१८५१ या चार्जिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे चार्जर गाडीला ६ अँपिअरपेक्षा कमी करंट देऊ करू शकत नाही. तीन फेजवर हे सुमारे ४.१ किलोवॉट होतात. वीस गाड्या जोडलेल्या असतील आणि शिल्लक भार ४० किलोवॉट असेल, तर सगळ्यांना थोडेथोडे देता येत नाही, काहींना थांबवून पाळ्या लावाव्या लागतात. काही गाड्या थांबवल्यावर झोपी जातात आणि परत करंट दिला तरी जाग्या होत नाहीत, म्हणून नेहमी येणाऱ्या गाड्या घेऊन थांबवण्याची आणि पुन्हा सुरू करण्याची चाचणी घ्यावी. एकफेजी गाड्या सगळ्या पहिल्याच फेजवर येऊन बसू नयेत म्हणून जोडणी करताना चार्जरचे फेज क्रमाने फिरवावेत आणि हा क्रम नियंत्रकाला कळवावा. सीटी फेजनिहाय बरोबर नसतील, तर या समतोलाचा काहीच उपयोग नाही. तो चुकीच्या फेजवरचा भार कमी करत राहील. संपर्क तुटल्यावर चार्जरने किती करंटवर उतरायचे, हा आकडा चार्जरच्या आतच भरलेला असावा आणि तो सगळ्या चार्जरची बेरीज धरून निवडलेला असावा. नेटवर्कची तार प्रत्यक्ष उपसून तो पाहावा. तशीच मीटरची संदेशवाहक तार उपसून नियंत्रक शेवटचा आकडा धरून बसतो, की भार खाली आणतो, हेही पाहावे. गोठलेला आकडा आणि उलटा सीटी यांत परिणामाच्या दृष्टीने फारसा फरक नाही.

बॅटरीची क्षमता वाटून ठेवावी: किती टक्के कमाल मागणी कापण्यासाठी आणि किती वीज गेल्यावर वापरण्यासाठी. हे लेखी नसेल, तर दुपारी रिकामी झालेली बॅटरी संध्याकाळी अंधारात दिवे लावू शकत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीत व्होल्टेजचा आलेख मधल्या भागात जवळजवळ सपाट असल्यामुळे शिल्लक टक्केवारीचा अंदाज हळूहळू चुकत जातो. निर्मात्याने सांगितलेल्या अंतराने ती पूर्ण भरण्याची वेळ म्हणूनच वेळापत्रकात घालावी. शून्य अंशांखाली ती भरू नये.

वीज गेल्यावर साधा ग्रिडशी जोडलेला इन्व्हर्टर बंद पडतो आणि तो पडलाच पाहिजे, कारण दुरुस्तीसाठी तारेवर माणूस असू शकतो. भर उन्हात गच्चीवरची पॅनेल निरुपयोगी का, हा प्रश्न मालक विचारणारच. उत्तर आधीच देऊन ठेवावे. बॅटरीचा इन्व्हर्टर स्वतः ग्रिड उभा करणारा, म्हणजे वीज गेल्यावरही इमारतीला पुरवठा देणारा असेल, तर तो बेटावर (बाहेरच्या ग्रिडपासून तुटलेला) असताना चार्जर आपोआप बंद राहतील अशी व्यवस्था करावी. जनरेटर असेल, तर त्यात सौरवीज उलटी शिरणार नाही, याची वेगळी चाचणी घ्यावी.

उरलेले थोडक्यात. सर्व उपकरणांची घड्याळे एका सर्व्हरशी जुळवावीत, नाहीतर नोंदी एकमेकींशी लागत नाहीत. मॉडबसवर, म्हणजे उपकरणे एकमेकांशी बोलतात त्या जाळ्यावर, दोन उपकरणांना एकच क्रमांक नसावा. मूळ पासवर्ड बदलावेत. अग्निशमन दलासाठी तोडणीच्या स्विचची जागा ठळक लिहावी आणि उन्हात पॅनेलपासून येणारी डीसी तार त्यानंतरही जिवंत असते, हेही लिहावे. सेटिंगची प्रत इमारतीकडे असावी, फक्त ठेकेदाराच्या लॅपटॉपवर नको. विद्युत पॅनेलमध्ये कोणीही, कशासाठीही हात घातला, की त्या रात्री सीटीची तिन्ही फेजची चाचणी पुन्हा व्हावी. पहिला महिना संपल्यावर नियंत्रकाने मोजलेले युनिट वीजकंपनीच्या मीटरशी ताडून पाहावेत आणि फरक दोन-तीन टक्क्यांहून जास्त आला, तर सॉफ्टवेअर उघडण्याआधी पॅनेलचे दार उघडावे.