दोन फुटांचा समुद्र: घरात पहिला रीफ टँक कसा लावावा

रीफ टँक, म्हणजे जिवंत प्रवाळं आणि मासे पाळायची खाऱ्या पाण्याची टाकी, लावल्यापासून पहिला मासा सोडेपर्यंत दीड महिना तरी जातो. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण मी स्वतः नवव्या दिवशी क्लाऊनफिशची जोडी सोडली होती आणि चौदाव्या दिवशी दोन्ही मासे मेले. पाणी काचेसारखं नितळ होतं. त्यातला अमोनिया हा विषारी घटक मात्र डोळ्यांना दिसत नाही, आणि मी तपासला नव्हता. ते दोन जीव माझ्या घाईने गेले. तुमच्याकडे तसं होऊ नये, म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय.

टाकी आणि जागा

लहान म्हणजे फार लहान नको. पंचवीस-तीस लिटरच्या टाकीत चूक सावरायला वेळच मिळत नाही. दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी घ्या. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर तिच्यात साधारण १०५ लिटर पाणी राहतं. भरलेल्या टाकीचं वजन दीडशे किलोच्या वर जातं, स्टँडचं वेगळं. त्यामुळे ती भिंतीलगत ठेवा, खिडकीच्या उन्हात नको. लाकडी स्टँड असेल तर पाण्याने फुगणारं पार्टिकल बोर्ड टाळा.

प्लगच्या वायरी आधी खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी सॉकेटपर्यंत पोचत नाही. त्या लाइनला ईएलसीबी, म्हणजे वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, हवाच. खारं पाणी आणि वीज एकत्र असताना यात तडजोड करू नका.

सामानात तासाला अडीच-तीन हजार लिटर पाणी फिरवणारा वेव्हमेकर, प्रवाळांसाठीचा निळा-पांढरा एलईडी दिवा, थर्मामीटर आणि पाण्याचा खारेपणा मोजणारं रिफ्रॅक्टोमीटर लागतं. सोबत अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि अल्कलिनिटीची (पाण्यातल्या कार्बोनेट क्षारांची) टेस्ट किट घ्या. लाइट जाते त्या भागात राहत असाल तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंपही घ्या.

पाणी आणि मीठ

स्वयंपाकघरातला आरओ इथे पुरत नाही. त्यातल्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) बऱ्याचदा ३० ते ५० असतो, शिवाय चवीसाठी त्यात खनिजं परत मिसळलेली असतात. आपल्याला शून्य टीडीएसचं पाणी हवं. त्यासाठी आरओला पुढे डीआय रेझिनची, म्हणजे उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांची, नळी जोडतात. हे पाणी प्लास्टिकच्या पिंपात साठवा. तांब्याच्या हंड्यात किंवा कळशीत ते क्षणभरही नको, कारण तांब्याचा अंशसुद्धा शंख, कोळंबी आणि प्रवाळांना विषासारखा बाधतो.

पुष्कळजण विचारतात, समुद्राचंच मीठ आहे तर घरातलं खडेमीठ का चालत नाही? उत्तर आपल्या उरण-भाईंदरकडच्या मिठागरांत आहे. खाडीचं पाणी उन्हात आटू लागलं की आधी कॅल्शियमचे क्षार तळाला बसतात, मग मीठ पडतं, आणि मॅग्नेशियम शेवटच्या कडू पाण्यात राहून वेगळं निघून जातं. हातात येतं ते जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड. प्रवाळांना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही हवंच, म्हणून रीफसाठी बनवलेलं तयार मीठच विकत घ्यायचं. मुंबईच्या किनाऱ्यावरून बादली भरून आणण्याचा विचारही सोडा. ते पाणी गढूळ आणि सांडपाणी मिसळलेलं असतं, आणि पावसाळ्यात तर अर्धं गोडच होतं.

एका लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम मीठ लागतं. पाण्यात मीठ घाला, मिठावर पाणी ओतू नका. छोटा पंप लावून ते रात्रभर ढवळू द्या. दुसऱ्या दिवशी रिफ्रॅक्टोमीटरवर क्षारता ३५ (हजार भागांत ३५ भाग क्षार), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आलं पाहिजे. रिफ्रॅक्टोमीटर आधी ३५ क्षारतेच्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्या. साध्या पाण्यावर शून्य दाखवणारं यंत्रही ३५ ला चुकू शकतं.

दगड आणि वाळू

दगडांच्या बाबतीत कायदा आधी पाहा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सगळी कठीण प्रवाळं आली. मेलेल्या प्रवाळाचे पांढरे तुकडेही त्यात मोडतात. बाजारात ‘ड्राय रॉक’ म्हणून विकला जाणारा दगड बऱ्याचदा तोच असतो. मालवणला सागरी अभयारण्य १९८७ मध्ये झालं, ते याच जीवसृष्टीसाठी. तिथल्या समुद्रातला एक खडाही आपल्या दिवाणखान्यात यायला नको. भट्टीत भाजलेले सच्छिद्र सिरॅमिक दगड मिळतात, दहा-बारा किलो पुरतात. ते काचेवर थेट ठेवून रचा आणि भोवती इंचभर अॅरागोनाइटची (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू पसरा. दगड वाळूवर रचले तर खणणारे जीव खालची वाळू उपसतात आणि रचना ढासळते. बांधकामाची वाळू वापरू नका.

दीड महिन्याची वाट

टाकी भरली, पंप सुरू झाला, तापमान २५-२६ अंशांवर आलं की रीफ टँकसाठी बाटलीत मिळणारे जिवाणू सोडा आणि त्यांना खाद्य म्हणून अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दोन भाग) न्या. ते मिळालं नाही तर सोललेली एक कच्ची कोळंबी जाळीत बांधून सोडली तरी चालते, फक्त वास येतो. जिवाणूंचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. दर दोन-तीन दिवसांनी तपासून वहीत लिहा. २ पीपीएम अमोनिया घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य झाले की टाकी तयार समजा. मग निम्मं पाणी बदलून साठलेलं नायट्रेट खाली आणा.

पुढे दिवे रोज लागू लागले की वाळूवर तपकिरी थर चढेल. तो डायटम शेवाळाचा असतो, काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. घाबरून औषधं ओतू नका.

जीव सोडताना

आधी चार-पाच शंख. दोन आठवड्यांनी क्लाऊनफिशची जोडी. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांच्या प्रजननाचं तंत्र आपल्याकडे विकसित केलं आहे, त्यामुळे उबवणीतलेच मासे मागा. क्लाऊनफिश ज्याच्या आसऱ्याने राहतो तो फुलासारखा दिसणारा समुद्री जीव, अॅनिमोन, त्याला लागतोच असं नाही, आणि नव्या टाकीत अॅनिमोन सहसा जगत नाही. मुलं निळ्या टँगसाठी हट्ट धरतील. तो मासा फूटभर वाढतो, त्याला दोन फुटांत कोंडू नका. पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळवा, मग थेंबाथेंबाने टाकीचं पाणी पिशवीत सोडा. दुकानाचं पाणी टाकीत ओतू नका.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मश्रूम आणि झोअँथिड ही मऊ प्रवाळं आणा. झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अतितीव्र विष असू शकतं. हातमोजे आणि चष्मा घालूनच ती हाताळा, आणि ती चिकटलेला दगड कधीही उकळू किंवा घासू नका. या टप्प्यावर अल्कलिनिटी ८-९ डीकेएच (किटवर येणारं तिचं एकक) राखली आणि दर आठवड्याला दहा लिटर पाणी बदललं तरी पुरतं.

डास मारायची लिक्विड मशीन त्या खोलीत बंद करा. तिच्यातली पायरेथ्रॉइड कीटकनाशकं मासे आणि कोळंबीवर्गाला फार घातक असतात. खाद्य चिमूटभरच, दोन मिनिटांत संपेल एवढं.

उन्हाळा आणि आटणारं पाणी

पुण्यात एप्रिल-मेमध्ये पाण्यावर पंखा लावला की तापमान दोन-तीन अंश उतरतं. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत बाष्पीभवन कमी, म्हणून पंख्याचा उपयोगही कमी. तिथे पाणी थंड करणाऱ्या चिलरचा खर्च आधीच धरा. पाणी ३० अंशांवर टिकून राहिलं तर प्रवाळं आपल्या अंगातलं शेवाळ सोडून पांढरी पडू लागतात.

आणि पुन्हा मिठागर आठवा. उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून रोज कमी झालेल्या पातळीत साधं शून्य टीडीएसचं पाणी घालायचं, खारं नाही. दिवसाला दीड लिटर उडत असेल तर आठवड्यात दहा लिटर जातात आणि ३५ ची क्षारता ३९ च्या जवळ पोचते.

गणपतीला गावी निघताना माझी चिंता खाद्याची नसते, या आटणाऱ्या पाण्याची असते. मासे दोन-तीन दिवस उपाशी राहू शकतात. काचेवर मार्कर पेनने पातळीची रेघ मारून ठेवतो, दीड-दीड लिटरच्या सात बाटल्या भरून ओळीने मांडतो, खाद्याच्या चिमूटभर पुड्या बांधतो आणि शेजारच्या काकूंना सांगतो: रोज रेघेपर्यंत पाणी, एक दिवसाआड एक पुडी, आणि काहीही वेगळं दिसलं तरी आधी मला फोन.