कंट्रोलरकडून व्ह्यूकडे डेटा पाठवताना या चुका टाळा

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एका टॉवेल कारखान्यासाठी एएसपी डॉट नेट एमव्हीसी ५ या मायक्रोसॉफ्टच्या वेब फ्रेमवर्कमध्ये (यात कंट्रोलर रिक्वेस्ट हाताळतो आणि व्ह्यू पान दाखवतो) ऑर्डर नोंदवण्याचा फॉर्म लिहिताना मला सर्वाधिक दमवले ते मापांच्या ड्रॉपडाउनने. फॉर्म प्रथम उघडला की यादी व्यवस्थित दिसे. मात्र नगांची संख्या रिकामी ठेवून 'जतन करा' दाबताच एररचे पिवळे पान समोर येई. यादी मी केवळ गेट ॲक्शनमध्ये, म्हणजे फॉर्म उघडताना चालणाऱ्या कंट्रोलरच्या मेथडमध्ये, व्ह्यूबॅग या व्ह्यूकडे डेटा नेणाऱ्या पिशवीत भरली होती. व्ह्यूबॅगचे आयुष्य एका रिक्वेस्टपुरते असते आणि पोस्ट, म्हणजे भरलेला फॉर्म पाठवणे, ही नवी रिक्वेस्ट असल्याने तेथे व्ह्यूबॅग रिकामाच येतो. यादी व्ह्यू मॉडेलमध्ये, म्हणजे व्ह्यूसाठीच्या डेटाच्या स्वतंत्र क्लासमध्ये, ठेवली तरी सुटका नाही, कारण ब्राउझर फक्त निवडलेले माप परत पाठवतो, संपूर्ण यादी नव्हे. म्हणून यादी भरणारी वेगळी मेथड लिहावी आणि जेथे जेथे हा फॉर्म पुन्हा दाखवला जातो, तेथे रिटर्नपूर्वी ती बोलवावी.

व्ह्यूबॅगमध्ये नावाचे स्पेलिंग चुकले तर कंपायलर चकार शब्द काढत नाही. पानावर रकाना कोरा दिसतो, एवढेच. व्ह्यू मॉडेल वापरून व्ह्यूही बिल्डमध्ये कंपाइल करून घेतल्यास ही चूक तेथेच पकडली जाते.

ऑर्डर जतन झाल्यावर दुसऱ्या पानाकडे रीडायरेक्ट करणे योग्यच, अन्यथा पान रिफ्रेश केल्यास तीच ऑर्डर दोनदा नोंदली जाऊ शकते. परंतु 'ऑर्डर नोंदली' हा संदेश रीडायरेक्टपलीकडे न्यायचा असेल तर तो टेम्पडेटामध्ये, म्हणजे पुढच्या रिक्वेस्टपर्यंत टिकणाऱ्या साठ्यात, ठेवावा. टेम्पडेटा एकदा वाचला की त्या रिक्वेस्टअखेर पुसला जातो. तो पुढेही हवा असल्यास पीक या मेथडने वाचावा.

मॉडेलस्टेटची, म्हणजे फॉर्ममधून आलेली मूल्ये आणि व्हॅलिडेशनचे संदेश जिथे साठतात त्या जागेची, चूक मात्र भल्याभल्यांना चकवते. ग्राहकाने दर २४० टाकला, पोस्ट ॲक्शनमध्ये आपण मॉडेलमधील दर २२० केला आणि तोच व्ह्यू परत दिला, तरी टेक्स्टबॉक्समध्ये २४० च दिसतो. डीबगरमध्ये २२० आणि पडद्यावर २४० पाहून मी उगाचच ब्राउझरची कॅशे साफ करत बसलो होतो. वास्तविक टेक्स्टबॉक्सफॉर हा हेल्पर आधी मॉडेलस्टेटमधील, म्हणजे वापरकर्त्याने पाठवलेले, मूल्य घेतो आणि ते नसेल तरच मॉडेलकडे वळतो. चुकीची नोंद वापरकर्त्याला जशीच्या तशी परत दिसावी, यासाठी ही रचना मुद्दाम केलेली आहे. त्यामुळे दर बदलल्यावर केवळ त्याच फील्डची नोंद मॉडेलस्टेटमधून रिमूव्हने काढावी. सरसकट क्लिअर केल्यास व्हॅलिडेशनचे संदेशही पुसले जातात.