तारा लावल्यावर दात दुखतात? गोळीशिवाय आराम हवा असेल, तर या चुका टाळा

दातांना तारा लावल्या की दुखणं दोन तऱ्हांचं असतं. एक दातांचं: दात हुळहुळे होतात, पोळीचा तुकडाही चावता येत नाही. दुसरं गालाचं, ओठाचं, जिभेचं: ब्रॅकेट, म्हणजे दातावर चिकटवलेला तार धरणारा छोटा तुकडा, घासून आतली कातडी सोलवटते, फोड येतात. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. माझ्याकडे येणारे बरेच जण दाताच्या दुखण्यावर मिठाच्या गुळण्या करत बसतात आणि सोललेल्या गालावर बाहेरून बर्फ धरतात, मग म्हणतात, "डॉक्टर, कशानेच फरक पडत नाही." म्हणून आधी आरशासमोर उभं राहा आणि नेमकं काय दुखतंय ते बघा.

दातांच्या दुखण्याचं वेळापत्रक ठरलेलं असतं. तार बसवल्यावर काही तासांनी ते सुरू होतं, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि बहुतेकांचं आठवड्याच्या आत उतरतं. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, जेमतेम ०.२ मिलिमीटरचा. तारेच्या दाबाने तो एका बाजूला चेपला जातो, तिथला रक्तपुरवठा कमी होतो, दाह होतो. याच घडामोडीत त्या बाजूचं हाड झिजतं आणि दाताला सरकायला जागा मिळते. एवढं समजलं तरी दुसऱ्या दिवसाची घाबरगुंडी कमी होते. खरा त्रास वाढतो तो या दोन-तीन दिवसांत घरी केलेल्या उद्योगांमुळे.

लवंगेचं तेल

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता तार बसवतानाच पालकांना बजावते. नववीतली एक मुलगी आठवते. तार बदलली त्या रात्री आजीने मायेने कापसाचा बोळा लवंगेच्या तेलात भिजवून गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून दिला. रात्रभर तो तिथेच राहिला. सकाळी गालाच्या आत पांढरा पट्टा, कडेने कातडीची सालं निघालेली. दातांचं दुखणं दोन दिवसांत ओसरलं, पण त्या भाजलेल्या जागेमुळे पुढचा आठवडाभर तिला साधा ताकभातही झोंबत होता.

लवंगेत युजेनॉल असतं. किडलेल्या दाताच्या पोकळीत त्याने बरं वाटतं, हे खरं. तारांचं दुखणं मात्र किडीचं नाही. दात धडधाकट असतो आणि दुखतं ते मुळाभोवती, हाडाच्या आत. हिरडीवर लावलेलं तेल तिथे पोहोचतच नाही. पोहोचतं ते गालाच्या नाजूक अस्तरापर्यंत, आणि तिथे निव्वळ तेल भाजतं. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवणाऱ्यांचंही हेच होतं.

त्याऐवजी थंडावा घ्या. रुमालात गुंडाळलेला बर्फ गालावर बाहेरून दहा मिनिटं धरा, मग तेवढाच वेळ विश्रांती. थंड पाण्याचे घोट तोंडात घोळवा. याला एक जादा कारण आहे. सुरुवातीच्या तारा निकेल-टायटॅनियमच्या असतात. त्यांतल्या उष्णतेवर चालणाऱ्या तारा थंड झाल्या की तेवढ्यापुरत्या मऊ पडतात आणि गरम झाल्या की पुन्हा जोर धरतात. म्हणून पहिल्या संध्याकाळी मी वाफाळत्या चहाऐवजी गार ताक घ्यायला सांगते. बर्फ चावायचा मात्र नाही, ब्रॅकेट निघून येतं.

दुखतंय म्हणून रबर काढून ठेवणं

वरच्या-खालच्या दातांना जोडणारी छोटी रबरं दिली की पहिले दोन-तीन दिवस जबडा अवघडतो. सांगितल्याप्रमाणे, म्हणजे बहुधा जेवण आणि ब्रश सोडून पूर्ण वेळ, ती लावली तर दात सरावतात आणि दुखणं थांबतं. पण मुलं काय करतात? दिवसा काढून ठेवतात, रात्री लावतात. दिवसभरात दात मागे सरकतो, रात्री दाब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. पहिल्या दिवसाचं दुखणं रोज नव्याने भोगायचं आणि दात जागच्या जागी. मग तपासणीच्या आदल्या आठवड्यात दोन-दोन रबरं एकदम लावून भरपाई करायला बघतात. याचा मला मनापासून राग येतो, कारण जादा ओढीने मुळांना इजा होऊ शकते. सरकलेला दात परत आणता येतो, झिजलेलं मूळ परत येत नाही.

माझा सल्ला असा: नवी रबरं शनिवारी सुरू करा, म्हणजे अवघड दिवस घरी निघतात. कंपासपेटीत एक जादा पुडी ठेवा. आणि तार बदलायची वेळ तोंडी परीक्षेच्या किंवा घरच्या लग्नाच्या आदल्या दिवशी घेऊ नका. दवाखान्यात येण्याआधी पोटभर जेवून या.

टोचणारी तार आणि नेलकटर

दात सरळ होऊ लागले की तार मागे सरकते आणि शेवटच्या दाढेपाशी टोक बाहेर येतं. उपचार पुढे चालल्याचंच ते लक्षण आहे. ते नेलकटरने कापू नका. तुटलेला तुकडा घशात, प्रसंगी श्वासनलिकेत जाऊ शकतो. पेन्सिलच्या मागच्या स्वच्छ खोडरबराने टोक हलकेच आत वळवा, नाही वळलं तर वॅक्स, म्हणजे तारांसाठीचं मऊ मेण, लावून दवाखान्यात या.

वॅक्स टिकत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी ओल्या ब्रॅकेटवर ते लावलेलं असतं. कापसाने ब्रॅकेट कोरडं करा, वाटाण्याएवढा गोळा बोटांत मळून मऊ करा आणि दाबून बसवा. मेणबत्तीचं मेण चालत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. दाढांच्या फटीत बसवलेल्या रबरी रिंगा टूथपिकने उकरू नका, अन्न अडकल्यासारखं वाटणारच. दुखतं म्हणून ब्रश सोडलात तर हिरड्या सुजतील आणि दुखणं वाढेल. मऊ ब्रश कोमट पाण्यात भिजवून घ्या. गाल सोलला असेल तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करा. दात बोटाने हलवून बघू नका. मेतकूट-भात, मऊ खिचडी, दहीभात खा. चिक्की, चकली, कणीस तारा असेपर्यंत बंद. हळदीने ब्रॅकेटवरची पारदर्शक रबरं पिवळी पडतात, त्याची काळजी नको, ती पुढच्या वेळी बदलली जातात.

दुखणं आठवड्यानंतरही उतरत नसेल, एकच दात ठणकत असेल, तार हिरडीत रुतली असेल, फोड दोन आठवड्यांत भरला नसेल, तर घरगुती उपाय थांबवा आणि दाखवायला या. ताप, पू किंवा चेहऱ्यावर सूज असेल तर त्याच दिवशी.