मिक्सर, आणि मग बाकीचं

शाळेतले जुने बारा सोबती, शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार, गोव्यातल्या दिवाडी बेटावर भाड्याने घेतलेलं जुनं घर, आणि सगळं जेवण आपणच रांधायचं. असा बेत असेल तर सगळ्यात आधी गाडीत मिक्सर ठेवा. कपड्यांची बॅग मग भरा. मागच्या खेपेला मिक्सर राहिला आणि बारा जणांनी रवाळ हुमण (नारळाच्या वाटणातलं माशाचं कालवण) खाल्लं, म्हणून ही यादी.

"त्या घरात मिक्सर आहे ना?" असं कोणीतरी म्हणणारच. घरमालकाला विचारलं की तोही "आहे" म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो. पण असतो तो ज्यूसर. उंच, अरुंद, काचेसारख्या भांड्याचा, पर्यटकांनी पपईचा मिल्कशेक करावा म्हणून ठेवलेला. त्यात ओलं खोबरं वर उडून कडेला चिकटतं आणि पातं खाली रिकामं फिरत राहतं. पाणी वाढवलं की खोबरं फिरतं, पण वाटलं जात नाही. म्हणून "मिक्सर आहे का" असं विचारूच नका, भांड्यांचे फोटो मागवा. स्टीलचं, रुंद बुडाचं, झाकण घट्ट बसणारं भांडं दिसलं नाही तर मिक्सर नाही असं धरा. दिसलं तरी आपला न्या.

आपला न्यायचा म्हणजे काय काय, ते नीट वाचा. 750 वॅटचा मिक्सर, दीड लिटरचं ओल्या वाटणाचं भांडं, चटणीचं लहान भांडं, दोन्हींची झाकणं आणि झाकणातल्या रबरी रिंगा. एकाच्या घरचा मिक्सर आणि दुसऱ्याच्या घरची भांडी अशी विभागणी करू नका, एका कंपनीचं भांडं दुसऱ्या कंपनीच्या मिक्सरवर बहुधा बसत नाही. आदल्या दिवशी वाटीभर खोबरं घालून फिरवून बघा. भांड्याच्या बुडातून पाणी झिरपलं तर पात्याखालचा वॉशर गेलाय. मोटर घुमते आणि पातं जागचं हलत नाही तर कपलर झिजलाय. दोन्ही कामं म्हापशात नाहीतर पणजीत होतात, दिवाडीवर शनिवारी सकाळी अकरा वाजता होत नाहीत. सोबत एक्स्टेन्शन बोर्ड घ्या, जुन्या घरांत ओट्याजवळचा एकुलता एक प्लग फ्रिजने अडवलेला असतो.

एवढा जीव एका यंत्रात का अडकवायचा, तर बेत बघा. शनिवारी दुपारी बांगड्याचं हुमण, तळलेले बांगडे, सोलकढी, उकड्या तांदळाचा भात. रात्री कोंबडीची शागोती (भाजलेल्या खोबऱ्याच्या मसाल्यातला रस्सा) आणि पाव. रविवारी दुपारी खतखते (मिश्र भाज्यांचा रस्सा) आणि भात. यातलं तळण, भात आणि पाव सोडले तर प्रत्येक पदार्थाला नारळ वाटावा लागतो. हुमणाला तीन नारळ, सोलकढीला तीन, शागोतीला तीन, खतखत्याला दोन. अकरा झाले. तीन जास्त घ्या, एखादा खवट निघतोच.

सगळं घरून वाटून नेऊ ही युक्ती सुचेल. अर्धीच चालते. शागोतीचा सुका मसाला (धणे, मिरे, खसखस, बडीशेप, लवंग, दालचिनी, दगडफूल, जायफळ) घरी भाजून, पूड करून न्या, नेलाच पाहिजे. पण हुमणाचं कच्च्या खोबऱ्याचं वाटण शुक्रवारी दुपारी करून गाडीत ठेवलं तर बर्फाशिवाय शनिवारी जेवणापर्यंत आंबतं. आणि आंबलेलं वाटण सोलांच्या (आमसुलांच्या) आंबटात लपत नाही. तेव्हा मिक्सर.

वाटायची रीत सगळ्यांना येते असं समजू नका, बारा जणांत ती तिघांनाच येत असेल. हुमणासाठी वीसेक सुक्या मिरच्या कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवायच्या. भांड्यात आधी मिरच्या, धणे, हळद, लिंबाएवढी चिंच आणि जेमतेम पाणी. हे बारीक झालं की मगच खोबरं. भांडं अर्ध्याच्या वर भरायचं नाही, म्हणजे तीन नारळांना चार घाणे होतील. तीस-चाळीस सेकंद फिरवा, थांबा, कडा खाली ओढा, पुन्हा फिरवा. पाणी थंडच वापरा. सलग फिरवून भांडं तापलं की खोबरं तेल सोडतं आणि हुमणावर तवंग येतो. चिमटीत चोळून कण लागला नाही म्हणजे झालं. मध्येच मिक्सर एकदम बंद पडला तर जळला म्हणून हाय खाऊ नका. उलटा करून खालचं लाल बटण बघा, दहा मिनिटं थंड होऊ द्या, बटण दाबा, चालू होईल. हुमणाचं वाटण सकाळी नऊलाच उरकून फ्रिजमध्ये टाका, कारण वीज जायला आपल्या जेवणाची वेळ तेवढी पाहत असते. मागच्या पडवीत वाटायचा दगडी रगडा दिसला तरी हुरळून जाऊ नका. वर्षानुवर्षं न वापरलेल्या रगड्यात पहिले दोन-तीन घाणे भिजलेले तांदूळ वाटून टाकून द्यावे लागतात, नाहीतर कचकच दाताखाली येते.

नारळ खवणं हा वेगळाच विषय. चौदा नारळ म्हणजे अठ्ठावीस कवडी. पन्नाशीतल्या माणसांना आदोळीवर (जमिनीवर बसून वापरायच्या विळी-खवणीवर) मांडी घालून अठ्ठावीस कवडी खवणं जमत नाही. गुडघे आधी बोलतात, मग कंबर. ओट्याला चिकटणारी, हँडल फिरवायची खवणी मिळते, ती घ्या, पण ओटा गुळगुळीत असेल तरच तिचा रबरी पाय धरतो. खडबडीत ओट्यावर ती नाचते. म्हणून आदोळीही असू द्या, उंच पाटावर ठेवून खवता येतं. नारळ फोडायला कोयता.

तारीख. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, त्या दिवसांत मासळीचा बेत करू नका, मिळेल ते महाग आणि बाहेरून आलेलं असेल. पाठोपाठ श्रावण, त्यात निम्मी मंडळी शाकाहारी. चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावरचं ठरवा. कोणाला सुंगटांची (कोळंबीची) ॲलर्जी आहे, कोणाला मीठ कमी लागतं, हे आधी विचारून घ्या. शाळेत डबा एकत्र खाल्ला म्हणून इतक्या वर्षांनी पोट तेच राहत नाही.

शुक्रवारी निघताय ते बरंच आहे, म्हापशाचा बाजार शुक्रवारचा. जमेल तितक्या सकाळी जा. तिथून सुक्या मिरच्या, सोलां पाव किलो, तेफळं (तिरफळं), माडाचा काळा गूळ, खतखत्याची भाजी: सुरण, कणंगी (एक कंद), लाल भोपळा, मुळा, शेंगा, मक्याची कणसं. कांदे चार किलो, लसूण अर्धा किलो. तेफळं घेताना बी काढलेली आहेत का बघा. आतलं काळं बी कडवट आणि दगडासारखं, ते पदार्थात नको. तेफळ मिक्सरमध्ये कधीही वाटायचं नाही, सगळं वाटण कडू होतं. पंधरा-वीस तेफळं चमचाभर पाण्यात ठेचायची आणि हुमण उकळताना पाण्यासकट घालायची. तेफळ बांगड्याला, तारल्याला आणि खतखत्याला. सुंगटांत घालायचा उत्साह कोणाला आला तर आवरा.

तांदूळ उकडे, पाच किलो. एका जेवणाला बारा जणांना सव्वा ते दीड किलो लागतो, आणि उरलेल्याची सकाळी पेज. या भाताला भरपूर पाणी आणि पाऊण तास आच लागते, म्हणून पहिला टोप भाताचाच चढवायचा. तेल दोन लिटर. मीठ. पिण्या-रांधण्याला वीस लिटरचे पाच कॅन.

इथे थांबून गाडीची डिकी उघडा आणि मिक्सर आहे का ते डोळ्यांनी बघा. "ठेवला असेल" चालणार नाही. कोणी ठेवला, त्याचं नाव सांगा. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटली की मग आठवून उपयोग नाही. परत यायचं म्हणजे पुन्हा फेरीची रांग, मग म्हापसा, आणि उशीर झाला तर रात्रीच्या फेरीचा भरवसा धरता येत नाही.

मासळी शनिवारीच, सकाळी लवकर, रायबंदरच्या फेरीने पणजी मार्केटला जाऊन. दोघेच जा, सहा जण गेलात तर भाव कोणीच करत नाही. माणशी दोन बांगडे, एक तळायला, एक हुमणात, वर दोन. किलोत मध्यम सात-आठ बसतात, म्हणजे साडेतीन किलो. कल्ले लालभडक, डोळा वर आलेला, पोट दाबल्यावर घट्ट. बर्फ आधी विकत घ्यायचा, मासळी नंतर, आणि थर्माकोलच्या पेटीत जितकी मासळी तितकाच बर्फ. बांगड्यात हे फार महत्त्वाचं. तो उन्हात तासभर राहिला तर त्यात असं काही तयार होतं की खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, आणि ते शिजवून जात नाही. वासालाही नेहमी कळत नाही. कापून देणारीला सांगा, निम्मे अख्खे ठेवून चिरा द्यायच्या, निम्म्यांचे दोन-दोन तुकडे. तिसऱ्या (शिंपल्या) बारा जणांसाठी घेऊ नका. फोडणार कोण?

हुमणात तुकडे शेवटी, पाच-सहा मिनिटं. डाव घालून ढवळू नका, टोप फडक्याने धरून हलवा. तळायला दोन तवे लागतात. एका तव्यावर चार बांगडे बसतात, एक घाणा सात-आठ मिनिटांचा. एकाच तव्यावर शेवटच्या माणसाला बांगडा मिळेपर्यंत पहिल्याचा भात संपतो.

कोंबडी तीन किलो, हाडासकट, दुपारी सांगून ठेवलेली. शागोतीचं खोबरं कांद्याबरोबर गडद तपकिरी भाजा, काळं नव्हे, आणि पूर्ण गार करून वाटा. गरम खोबरं मिक्सरमध्ये घातलं तर वाफेने झाकण उडतं. झाकणावर हात दाबून धरला तर हात भाजतो. गार करा.

पावासाठी शुक्रवारी संध्याकाळी पोहोचल्याबरोबर पोदेराला (घरोघर पाव आणणाऱ्याला) गाठा. भोंगा ऐकून धावत बाहेर जाऊन तीस उंडे (गोल पाव) मागितले तर त्याच्या पाटल्यात (टोपलीत) तेवढे नसतात, बाकीच्या घरांचे ठरलेले असतात. आदल्या दिवशी सांगितलं की आणतो. शुक्रवारच्या रात्रीला तोणाक (कडधान्याचा रस्सा) घरून करून न्या, पहिल्या रात्री कोणीही रांधत नाही, गप्पाच होतात.

गॅस. मालक "सिलिंडर आहे" म्हणतो, तेही मिक्सरसारखंच. ओलं फडकं सिलिंडरवरून फिरवा. जिथपर्यंत ओल उशिरा सुकते तिथपर्यंत गॅस. अर्ध्याच्या खाली असेल तर दुसरा भरलेला ठेवायला आधीच सांगा, बारा जणांच्या उकड्या भाताला लहान शेगडी जन्मभर जळते. दोन बर्नरच्या शेगडीवर दहा लिटरचा टोप ठेवला की दुसरा बर्नर अर्धा झाकला जातो, म्हणून टोपाचा व्यास आणि शेगडीची लांबी दोन्ही विचारा. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमची भांडी नेऊन उपयोग नाही. लायटर. किनाऱ्यावर चूल मांडायची हौस असेल तर सोडून द्या, गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर रांधायला बंदी आहे आणि दंड होतो. घराच्या अंगणातसुद्धा मालकाला विचारून.

भांडी: दहा लिटरचे दोन टोप, मोठी कढई, दोन तवे, परात, चाळण, सोलकढी गाळायला मलमलचं फडकं. सुऱ्या आपल्या, तिथल्या सुऱ्यांनी लोणीही कापलं जात नाही. पाट दोन.

कामं गाडीतच वाटा, तिथे गेल्यावर सगळ्यांना तळायचंच असतं आणि लसूण कोणाला सोलायची नसते. वाटण एकाच माणसाकडे. दुसऱ्याने मिक्सरला हात लावायचा नाही. पैसे आधीच गोळा करा, थोडे रोख ठेवा. भांडी घासायची पाळी जेवणाआधी ठरवा, नंतर ठरत नाही. वाट्या-ताटं मोजून घ्या. मासळीचा कचरा रात्रभर ठेवू नका, मांजरं पिशवी फाडतात.

रविवार: झाडलोट, गॅस बंद, फ्रिज रिकामा, उरलेली सोलां आणि गूळ कोणाकडे ते ठरवून द्या. मिक्सरची दोन्ही भांडी, दोन्ही झाकणं, रिंगा. एक झाकण हमखास सिंकमागे पालथं राहतं, तिथे बघा.